पाचवीला कन्याशाळा की एकत्र शाळा? आधी मधली सुट्टी बघून या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नेरुळहून ठाण्याला वर्तकनगरात राहायला येताय, मुलगी पाचवीत जाणार. आजवर ती मुलामुलींच्या शाळेत होती आणि आता सासूबाईंचं म्हणणं, "वयात यायच्या आधी मुलींच्या शाळेत घाला, मागाहून डोक्याला ताप नको." घराजवळ एकत्र शाळा आहे, कन्याशाळा स्टेशनकडे. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. पहिली अकरा वर्षं ठाण्यातल्या एका कन्याशाळेत, पुढची वीस ऐरोलीला एकत्र शाळेत. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे दोघींच्याही उखाळ्यापाखाळ्या काढायचा हक्क मला आहे.

सासूबाईंना लगेच जुन्या विचारांच्या ठरवू नका. १८४८ मध्ये भिडे वाड्यात फुल्यांनी शाळा काढली ती मुलींची. १८८४ ला पुण्यात हुजूरपागा निघाली तीही मुलींची. १९१६ मध्ये कर्व्यांनी तर विद्यापीठच बायकांचं काढलं. त्या काळी मुलीला उंबऱ्याबाहेर काढायची ती एक युक्ती होती, आणि ती लागू पडली. पण त्याच परंपरेत आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघसुद्धा आहेत. १९४५ ला बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. गुरं राखायला गेलेली पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. रानात पोरगे आणि पोरी एकत्रच असायचे, शाळेत वेगळे कशाला बसवायचे?

नेरुळला तुम्हाला हा प्रश्न पडला नाही, कारण नवी मुंबई वसवणारी सिडकोच स्थापन झाली १९७० ला. सेक्टर आखतानाच शाळांचे भूखंड ठेवले, नव्या शाळा आल्या त्या बहुतेक एकत्रच. ठाणं जुनं गाव, इथे अजून कन्याशाळा टिकून आहेत.

आता अभ्यासाचं, कारण "मुलींच्या शाळेत निकाल चांगला लागतो" हे तुम्हाला कुणीतरी सांगणारच. २०१४ साली २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, सोळा लाख विद्यार्थी होते त्यात. घरची परिस्थिती, आधीचे गुण वगैरे धरून सरळ तुलना केली तेव्हा वेगळ्या शाळांचा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला. उलट बाजूही सांगते. दक्षिण कोरियात सोलमध्ये मुलांना हायस्कुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून द्यायचे, म्हणजे हुशार मुलं निवडून घेण्याचा प्रश्न येत नव्हता. तिथे मात्र वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींचे प्रवेश परीक्षेतले गुण जास्त निघाले. एवढ्यावरून तुमच्या लेकीची शाळा ठरवू नका, इतकंच.

मी जे डोळ्यांनी पाहिलं ते असं की बऱ्याच एकत्र शाळा म्हणजे एका छपराखालच्या दोन शाळा असतात. खिडकीकडच्या रांगा मुलींच्या, दाराकडच्या मुलांच्या. मुलगा बडबड करतो म्हणून त्याला उचलून मुलींच्या रांगेत बसवायचं. तो काय शिकला? मुलीशेजारी बसणं ही शिक्षा आहे. आठवीत चिठ्ठ्या सापडायला लागल्या की राखीपौर्णिमेला फर्मान निघायचं, सगळ्या मुलींनी सगळ्या मुलांना राख्या बांधा. पोरांचे हात कोपरापर्यंत भरायचे आणि पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या पूर्ववत सुरू.

प्रयोगशाळेची गोष्ट तर मला स्वतःला लाज वाटावी अशी. चौघांचा गट, दोन मुलगे, दोन मुली. बर्नर आणि परीक्षानळी मुलांच्या हातात, निरीक्षणांची वही मुलीच्या हातात. का, तर "तिचं अक्षर छान आहे." सहा वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला दिसलं नाही, मी बाई असून. मग नियम केला, एका आठवड्याला वही ज्याच्याकडे, पुढच्या आठवड्याला बर्नर त्याच्याकडे. पहिल्या महिन्यात तीन नळ्या फुटल्या, दोन मुलांनी फोडल्या. कन्याशाळेत हा प्रश्नच नव्हता. बर्नर मुलगीच पेटवायची आणि फुटलेली नळी मुलगीच लपवायची. बाकं उचलणं, माइक जोडणं, स्नेहसंमेलनात अफझलखान होणं, सगळं मुलीच. कन्याशाळेची ही जमेची बाजू मी आजही मान्य करते.

आणखी एक. दरवर्षी कुठल्यातरी पॅडच्या कंपनीच्या बाया यायच्या. मुलींना हॉलमध्ये बसवायचं, मुलांना मैदानावर हाकलायचं. मुली परत आल्या की मुलं "पिशवीत काय मिळालं?" करत दप्तरं ओढायची. एका वर्षी मी मुलांना वर्गातच थांबवलं आणि फळ्यावर आकृती काढून त्याच दिवशी सगळं सांगितलं. पहिली दहा मिनिटं खिदळण्यात गेली. मग मागच्या बाकावरच्या एकाने हात वर केला, "बाई, खूप दुखतं का हो?" त्याची ताई दर महिन्याला दोन दिवस घरी राहायची, त्याला घरात कुणी काही सांगत नव्हतं. दोन पालक तक्रार घेऊन आले. मुख्याध्यापक माझ्या बाजूने उभे राहिले, सगळीकडे राहत नाहीत.

म्हणून म्हणते, पाटीवर काय लिहिलंय ते राहू द्या. दोन्ही शाळांत मधल्या सुट्टीत जाऊन या. मैदान कुणाकडे आहे ते बघा. मुलं क्रिकेट खेळतायत आणि मुली कडेला डबा खातायत, असं असेल तर ती शाळा नावापुरती एकत्र. वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या बाईंना भेटा, "प्रजननाचा धडा कसा घेता?" असं सरळ विचारा. "मुलं घरी वाचतात" असं उत्तर आलं तर समजून जा. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलामुलींसाठी वेगळं हवंच, पण कडी लागते का, नळाला पाणी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का, हे कायदा बघायला येत नाही. स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी दोन्ही शाळांत पाहिल्या.

सुरक्षिततेची भीती खोटी नाही. ऑगस्ट २०२४ चं बदलापूरचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. पण त्या मुली बालवर्गातल्या होत्या आणि आरोप होता तो शाळेतल्या सफाई कामगारावर. शिपाई, सफाई कामगार, बसवाले काका कन्याशाळेतही असतात. शासनाने २०२२ मध्येच शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितलंय. आहे का विचारा, आणि असेल तर शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण इकडेतिकडे बघतात.

आणि हो, धाकटा मुलगा आहे म्हणालात, त्याच्यासाठी हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. कुणीच विचारत नाही. मीही नव्हता विचारला. माझ्या मुलाला मी मुलांच्या शाळेत घातलं होतं, मार्क उत्तम पडले. अकरावीत मात्र स्वतःच्या आतेबहिणीशी बोलताना तो पंख्याकडे बघायचा. कॉलेजची दोन वर्षं त्यात गेली.

माझा कौल विचाराल तर घराजवळची एकत्र शाळा, वर सांगितलेल्या गोष्टींत निम्म्याहून अधिक बरी असेल तर. अकरा वर्षांच्या मुलीने रोज स्टेशनच्या गर्दीतून जाणं-येणं मला परवडणारं वाटत नाही. पण ती शाळाच एका छपराखालच्या दोन शाळांसारखी निघाली, तर बिनधास्त कन्याशाळेत घाला आणि संध्याकाळी मुलगेही येतात अशा एखाद्या क्लबात तिला खेळायला पाठवा. पण एकदा तिला बरोबर नेऊन दोन्ही शाळा दाखवा. दहावीपर्यंत सहा वर्षं बसायचंय तिला.

नेरुळच्या शाळेतून दाखला आत्ताच मागून ठेवा. अनुदानित शाळेत प्रवेश घेणार असाल तर दाखला यायला उशीर झाला म्हणून त्या प्रवेश अडवू शकत नाहीत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. ऑफिसातल्या क्लार्कला हे माहीत नसतं, छापील प्रत बरोबर न्या.