पहिलीतल्या मुलाची शाळा अधूनमधून बुडली किंवा रोज थोडा उशीर झाला, तर खरंच काही बिघडतं का?

हो, बिघडतं. आणि पहिली-दुसरीतच जास्त बिघडतं, हे मी वर्गात रोज बघते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं असतं, म्हणजे दिवसाला चार तास. रोज १५ मिनिटं उशीर झाला, तर वर्षाचे ५० तास गेले. बारा दिवसांहून जास्त शाळा!

पण मला तासांपेक्षा दारात उभं राहिलेलं मूल जास्त दिसतं. परिपाठ संपलेला, फळ्यावर ‘क’ची बाराखडी अर्ध्यावर आलेली. ते पाठीवरचं दप्तर न काढताच शेजारच्याच्या वहीत डोकावतं, कुठलं पान ते कळत नाही. दुसरी वेलांटी शिकवली त्या दिवशी लग्नाला गेलेलं मूल पुढे कितीतरी दिवस ‘दीदी’ला ‘दिदि’ लिहितं. मग ‘मला येत नाही’ सुरू होतं, आणि सकाळी पोट दुखायला लागतं.

ताप असेल तर जरूर घरी ठेवा. पण एका दिवसाच्या जत्रेसाठी चार दिवस नको. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलंच आहे. तेव्हा रात्री साडेनऊला झोपवा, दप्तर आधीच भरून ठेवा. शाळा बुडलीच, तर काय शिकवलं ते त्याच संध्याकाळी बाईंना विचारा. आम्हाला त्याचा अजिबात त्रास होत नाही.