लॉगिनचं काम बाहेर द्यावं का?

प्रश्न: आमच्या संस्थेत दोनशे कर्मचारी आहेत. लॉगिन, पासवर्ड, कोणाला काय उघडता येतं, हे सगळं आमच्याच सर्व्हरवर चालतं आणि बघायला आम्ही दोघंच. वरिष्ठ म्हणतात, क्लाउडवाल्या कंपनीकडे सोपवा. सगळ्या चाव्या परक्याच्या हाती द्यायला मन धजत नाही. काय करावं?

उत्तर: सोपवा. असा सर्व्हर मी अकरा वर्षं सांभाळलाय. रात्री दोनला डिस्क भरते, लॉगिन बंद पडतं आणि सकाळी ईमेलपासून पगारपत्रकापर्यंत सगळं अडतं. त्यात वेळच्या वेळी पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या लावायच्या, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोड) चालू ठेवायची, संशयास्पद लॉगिन टिपायचं. दोन माणसांना हे झेपत नाही.

तरी तुमची धास्ती अनाठायी नाही. 2023 मध्ये ऑक्टा या याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत घुसखोर शिरले. अडचण दाखवण्यासाठी ग्राहकांनी पाठवलेल्या एचएआर फाइली त्यांनी उघडल्या. ब्राउझरने काय मागितलं, काय मिळालं, त्याची ही नोंद. तिच्यात सेशन टोकनही असू शकतं, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळालेला पास. तो चालू असेपर्यंत पासवर्ड लागत नाही, फोनवरचा कोडही कोणी विचारत नाही. म्हणून अशी फाइल पाठवण्याआधी कुकी आणि टोकन पुसायचेच, आणि त्या खात्यातून लॉगआउटही व्हायचं.

एक काम मात्र कुठलीच कंपनी तुमच्यासाठी करू शकत नाही: कोण आलं, कोण गेलं, हे सांगणं. आम्ही क्लाउडवर गेलो, त्यानंतर तीन महिन्यांनी मी खात्यांची यादी ओळीओळीने वाचली. काम संपून गेलेल्या एका कंत्राटी सहकाऱ्याचं खातं चालूच होतं. शेवटचं लॉगिन आदल्या संध्याकाळचं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, जुनी बिलं काढत होता. पण माझ्या पोटात गोळा आला. सेवा देणाऱ्यांची यात चूक नव्हती. तो गेल्याचं आम्हीच कळवलं नव्हतं. तेव्हा मनुष्यबळ विभागाची यादी स्किमने (दोन यंत्रणांत खात्यांची माहिती आपोआप जुळवून ठेवायची ठरलेली पद्धत) थेट जोडून घ्या. तिकडे नाव निघालं की इकडे खातं बंद.

करारात एवढं लेखी घ्या: सोडून जायचं ठरलं तर खाती, गट आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डऐवजी साठवलेलं त्यांचं सांकेतिक रूप) परत मिळतील का? जी अॅप्स जोडाल ती सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या सर्वमान्य पद्धतींवरच जोडा, म्हणजे उद्या कंपनी बदलणं सोपं जाईल.

आणि आणीबाणीसाठी प्रशासकाची दोन खाती वेगळी ठेवा, कोणाच्याही फोनला न बांधलेली. 19 नोव्हेंबर 2018 ला मायक्रोसॉफ्टची दुहेरी पडताळणीच कित्येक तास कोलमडली होती. कोड येईना, लोक बाहेरच अडकले. या खात्यांच्या हार्डवेअर की, म्हणजे लॉगिनसाठी संगणकाला लावायच्या छोट्या चाव्या, सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या कुलपांत ठेवा. बॅकअपच्या सर्व्हरचा स्थानिक पासवर्डही कागदावर लिहून त्यातच घाला, कारण क्लाउडच बंद पडला तर ही खातीही उघडणार नाहीत. दर तीन महिन्यांनी पाकीट फोडून लॉगिन करून बघा, आणि नवीन सील लावा.