अ‍ॅक्सोलोटल जरूर घ्या, पण हप्त्यांवर नको

आपले पत्र मी दोनदा वाचले. अ‍ॅक्सोलोटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याची जोडी, काचेची टाकी आणि लागणारे सगळे सामान क्रेडिट कार्डवर बारा मासिक हप्त्यांत घ्यावे व पुढे पिल्ले विकून तो खर्च भरून काढावा, असा आपला विचार आहे. हाताशी तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे आणि घर भाड्याचे आहे. आपली या प्राण्याविषयीची ओढ पत्रातून स्पष्ट जाणवते, म्हणून बेत सोडून द्या असे मी म्हणणार नाही. मात्र खरेदीचा क्रम बदलावा, असा माझा आग्रह आहे.

हप्ते वर्षभरात फिटतील, पण नीट सांभाळलेला अ‍ॅक्सोलोटल दहा ते पंधरा वर्षे जगतो. प्राण्याची किंमत एकदाच मोजायची असते. खरा खर्च पाणी थंड ठेवण्याचा आहे. मेक्सिकोतील सोचिमिल्कोच्या पाण्यात वाढलेल्या या जीवाला १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि पाणी २४ अंशांच्या वर राहू लागले की तो खाणे सोडतो, त्याचे पिसांसारखे कल्ले पुढे वळतात, शेपटीचे टोक हुकासारखे मुडपते. उष्ण हवेत चिलरला, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. समजा, १५० वॉटचा चिलर दिवसाला दहा तास चालला, तर महिन्याला सुमारे ४५ युनिट वीज लागेल; आपल्या वीजदराने त्याला गुणावे आणि तो आकडा घरखर्चाच्या वहीत कायमचा लिहावा. चिलर कधीतरी बिघडणार, हेही गृहीत धरून त्याच्या बदलीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला पडली पाहिजे.

टाकीत प्राणी सोडण्यापूर्वी फिल्टरमध्ये घाण पचवणारे जिवाणू स्थिरावावे लागतात, आणि पाण्यातील विषारी अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत साधारण चार ते आठ आठवडे जातात. हा काळ आपल्या अंदाजपत्रकाची उत्तम परीक्षा आहे. टाकी, फिल्टर आणि चिलर यासाठी वेगळ्या साठवलेल्या पैशांतून, रोखीने घ्यावेत. वीज, खाद्याची गांडुळे, पाण्याची तपासणी आणि पशुवैद्य यांसाठी ठरवलेली रक्कम पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाकावी. दोन महिने ती रक्कम ओढाताण न होता बाजूला पडली, तर प्राणी आणावा. हाताशी असलेली तीन महिन्यांची शिल्लक आपत्कालासाठी आहे; ती या कामी वापरू नये.

पिल्लांच्या विक्रीचे उत्पन्न मात्र हिशेबातून पूर्ण काढून टाकावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. पिल्लांना सुरुवातीला रोज जिवंत खाद्य लागते आणि ती एकमेकांचे पाय तोडतात, म्हणून त्यांना वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावे लागते. पाय पुन्हा उगवतात हे खरे, पण भांडी, खाद्य आणि आपले तास यांचा खर्च आधी होतो. गिऱ्हाईक नंतर मिळाले तर मिळते.

म्हणून जोडी न घेता एकच घ्यावा. त्याला किमान ७५, शक्यतो १०० लिटरची टाकी लागेल, आणि शंभर लिटर पाण्याचेच वजन शंभर किलो भरते. तेव्हा घरमालकाची परवानगी आगाऊ घ्यावी व घर बदलण्याच्या खर्चात टाकीची ने-आण धरावी. काही ठिकाणी हा प्राणी पाळण्यास कायद्याने बंदी आहे. टाकीसाठी पहिला पैसा देण्याआधी आपल्या भागातील नियम वन्यजीव खात्याकडून लेखी विचारून घ्यावा.