उघड्या पाइपमधून जाताना उसाचा रस किती निवतो?

समजा, कोल्हापूरच्या एखाद्या साखर कारखान्यात ताशी १०० टन रस ७५ अंश सेल्सिअसला १०० मीटर लांबीच्या उघड्या, म्हणजे उष्णतारोधक आवरण नसलेल्या, सहा इंची पोलादी पाइपमधून जात असेल आणि बाहेर ३० अंश असेल, तर तापमान जेमतेम पाव अंशाने उतरेल. उष्णता मात्र सुमारे साडेअठ्ठावीस किलोवॅट या दराने, अखंड वाया जाईल. उष्णताव्यय (वाया जाणारी उष्णता) म्हणजे उष्णता-संक्रमण गुणांक (दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला किती उष्णता बाहेर जाते तो आकडा), पाइपचे बाह्य क्षेत्रफळ (येथे सुमारे ५३ चौरस मीटर) आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार. वाहता रस व पोलादी भिंत यांचा उष्णतेला होणारा रोध नगण्य असल्याने गुणांक बाहेरच्या हवेवरच ठरतो, आणि स्थिर हवेत संवहन (हवेच्या हालचालीने जाणारी उष्णता) व प्रारण (किरणांच्या रूपाने जाणारी उष्णता) मिळून तो दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे १२ वॅट धरता येतो. या व्ययाला दर सेकंदाचा प्रवाह आणि रसाची विशिष्ट उष्णता (एक किलो रस एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, सुमारे ३.८ किलोजूल) यांच्या गुणाकाराने भागले की तापमानातील घट मिळते. त्यामुळे केवळ थर्मामीटर पाहून ‘पाइपला आवरण नको’ असे ठरवणे महागात पडते, कारण ५० मिलिमीटर जाडीच्या काचलोकरीच्या (काचतंतूंच्या) आवरणाने हाच व्यय सव्वादोन किलोवॅटवर येतो. मोकळ्यावर वारा असल्यास मात्र उघड्या पाइपचा गुणांक दुप्पट किंवा त्याहून अधिक धरावा.