‘आगा’ हे नाव आणि त्यातला संचायक

‘स्वीडनच्या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीचे “आगा” हे नाव तुर्की-फार्सी “आगा” या पदवीवरून आले आहे का, आणि मराठीत ते “एजीए” असे लिहावे का?’ असा प्रश्न विचारण्यात आला आहे.

या नावाचा त्या पदवीशी काहीही संबंध नाही. 1904 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे मूळ नाव ‘आक्तिएबोलागेट गासआक्युमुलाटोर’ असे होते. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ भागभांडवली कंपनी, तर दुसऱ्याचा वायुसंचायक. त्यांतून निवडलेल्या तीन आद्याक्षरांचा स्वीडिश लोक सलग ‘आगा’ असाच उच्चार करतात. म्हणून मराठीतही ‘आगा’ लिहिणेच योग्य.

दुसऱ्या शब्दासाठी काहींनी ‘वायूची टाकी’ असे सुचवले आहे; मला मात्र ‘संचायक’च हवा, कारण ॲसिटिलीन हा दिव्यांसाठी व वेल्डिंगसाठी वापरला जाणारा ज्वलनशील वायू नुसत्या टाकीत दाबून भरता येत नाही. दाब वाढला की तो हवेवाचूनही स्फोट पावतो. ॲसिटोन या द्रवात मात्र तो साध्या दाबालाही त्या द्रवाच्या आकारमानाच्या सुमारे 25 पट विरघळतो, म्हणून नळकांड्यात सच्छिद्र पदार्थ भरून त्यात ॲसिटोन मुरवतात आणि मग वायू सोडतात. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत ‘डीए’ म्हणून ओळखले जाणारे सिलिंडर याच तत्त्वावर चालते. ‘डीए’ म्हणजे डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन. पूर्वीचे सच्छिद्र पदार्थ वाहतुकीतील धक्क्यांनी भुगा होत, पोकळ्या पडत आणि धोका परत येई. हे धक्के सोसणारे मिश्रण ‘आगा’चे स्वीडिश अभियंते गुस्ताफ दालेन यांनी 1906 मध्ये तयार केले, आणि ते ‘आगा’च्याच नावाने ओळखले गेले.

1907 मधील त्यांची सूर्यझडप मला याहूनही विलक्षण वाटते. तिच्यात एक काळी दांडी आणि तिच्याभोवती चकचकीत दांड्या असत. उजाडले की काळी दांडी प्रकाश शोषून इतरांपेक्षा अधिक प्रसरण पावे आणि दिव्याला जाणाऱ्या वायूचा प्रवाह आपोआप बंद होई, अंधार पडला की तो पुन्हा सुरू होई. त्यामुळे निर्जन खडकांवरची दीपगृहे आणि समुद्रातील बोये रखवालदाराविना दीर्घकाळ तेवत राहू शकले. दालेन यांना 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते दीपगृहे व बोये उजळण्यासाठी वायुसंचायकांसोबत वापरायच्या स्वयंचलित नियामकांबद्दल. म्हणजे कंपनीच्या नावातला शब्द पारितोषिकाच्या कारणमीमांसेतही आहे. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीत झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली, तरी 1937 मध्ये निधन होईपर्यंत कंपनीचे नेतृत्व त्यांच्याकडेच राहिले.

ब्रिटिश घरांतील ‘आगा’ चूलही दालेन यांचीच, 1922 ची, आणि तिचे नाव याच कंपनीवरून पडले. पुढे मात्र दोन्ही व्यवसाय वेगळे झाले: वायूची कंपनी 2000 मध्ये जर्मनीच्या लिंडे समूहात गेली, तर चुलीचा व्यवसाय 2015 मध्ये अमेरिकेच्या मिडलबी कंपनीने घेतला.