बेळगावात उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात सांडपाण्याला हवा देणाऱ्या ट्विन-लोब ब्लोअरच्या गिअरपेटीत गाडीचे इंजिन ऑइल चालेल का?

इंजिन ऑइल घालू नये. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आयएसओ व्हीजी (ऑइलच्या घट्टपणाचे प्रमाण) श्रेणीचेच ऑइल घ्यावे, जी अशा ब्लोअरसाठी बहुधा १५० किंवा २२० असते. हा आकडा ४० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट आहे ते सांगतो, आणि तापल्यावर ऑइल पातळ होत असल्यामुळे, हवेचा दाब जास्त असून पेटी सतत गरम राहत असेल तर वरची श्रेणी लागते. इंजिन ऑइलमधील काही रसायने काजळी धरून ठेवण्यासाठी असतात. इथे ती पाणीही धरून ठेवतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार महत्त्वाचे ठरते. ऑइल दुधाळ दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळले असेल, तर लगेच बदलावे. मात्र पुस्तिकेत सिंथेटिक ऑइल सांगितले असेल, तर त्यात मिनरल ऑइल मिसळू नये.