शिक्षणाचा निधी पुढारलेल्या पश्चिम महाराष्ट्राकडून काढून मागास भागाला दिला तर विषमता कमी होईल का?

आधी मागास भाग कुठला ते तरी नीट ठरवा. मी जत तालुक्याच्या पूर्व भागातला, जिल्हा सांगली, म्हणजे तुमच्या हिशोबानं पुढारलेला. 1994 ला मागास भागांकडं लक्ष द्यायला वैधानिक विकास मंडळं झाली तीसुद्धा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी, आणि त्या 'उर्वरित'मध्ये वाळव्याचा ऊस आणि जत, आटपाडी, माणचा दुष्काळ सगळं एकाच पोत्यात भरलेलं. सरासरी काढली की आम्ही गायब.

आमच्या वस्तीवरची झेडपीची शाळा चौथीपर्यंत, मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. पट तिसाच्या आत, म्हणून समग्र शिक्षा या सरकारी योजनेतनं वर्षाला मिळायचे 10,000, त्यात खडू, झाडू, नळाची दुरुस्ती, वीजबिल सगळं बसवायचं. नाय बसत. बिल थकलं, मीटर कापला, लोकवर्गणी काढून घेतलेला टीव्ही चादर टाकून कपाटावर पडून राहिला आणि गुरुजी दाराजवळच्या उजेडात पोरांना बसवून शिकवायचे. वरच्या ऑफिसात गेलो तर म्हणे पट वाढवा. वस्तीवर घरंच मोजकी, पट कुठनं वाढवू?

आमचे दाजी वाळव्याकडचे, बागायतदार. ते दर जत्रेला हेच काढतात, पोरं टिकत नाहीत तिथं सरकारनं पैसा कशाला घालायचा, कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, मुठीमुठीनं धान्य गोळा करून पोरं शिकवली की. अहो दाजी, 1919 ला अण्णांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली ती गरिबाच्या पोराला शिकता यावं म्हणूनच, आणि रयतच्या शाळांनाही पुढं सरकारी अनुदान मिळालंच की. शिवाय मूठभर धान्य द्यायला आधी शेतात पिकायला लागतं. आणि पोरं का टिकत नाहीत, तर दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला जातात, तुमच्याच भागात, तुमच्याच फडात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत फिरतात. वर त्यांच्याच शाळेचा खर्च वाया जातो म्हणायचं?

मराठवाडा-विदर्भाला कमी द्या असं माझं म्हणणं नाही, आणि नुसत्या पैशानं सगळं होतं असंही नाही, चांगला गुरुजी टिकला तर निम्मं काम होतं. पण जो येतो तो पहिल्या दिवसापासून बदलीच्या खटपटीला लागतो, रस्ता नाही, राहायला खोली नाही, कोण थांबणार?

तर निधी विभाग बघून नको, तालुका बघून द्या, आणि पट कितीही असो, वीजबिल आणि दोन शिक्षक एवढं धरूनच चाला. ऊसतोडवाल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहेच, तिचे पैसे दिवाळीच्या आत गावात पोचले पाहिजेत, डिसेंबरात मंजुरी आली तर तोवर पोरं फडावर गेलेली असतात.